वाळवंटातले विद्यापीठ : आपण त्यातून काय घ्यावे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे प्राध्यापक, वकील, डॉक्टर बोलून गेले. मी त्यांच्यापैकी कोणी नाही. जुन्या एस.एस.सी.नंतर माझे शिक्षण थांबले. आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे मी ओमान देशात मस्कतला एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. सिमेंटच्या गोणी, सळ्या आणि नळ मोजणे हे माझे काम. अशा माणसाला शिक्षणावर बोलायला बोलावले, याबद्दल संस्थेचे आभार मानावेत की तिच्या धाडसाचे कौतुक करावे, हे मला समजत नाही. पण चिटणीस साहेब म्हणाले, “चाचा, तुम्ही जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा.” म्हणून एका विद्यापीठाची हकिगत सांगायला उभा आहे. त्या विद्यापीठात मी एक दिवसही शिकलो नाही. ते उभे राहताना मात्र पाहिले.

आपल्या भागातली आमची पिढी आखातात गेली, हे तुम्हाला सांगायला नको. त्याआधीची पिढी जहाजावर होती, आमची पिढी विमानाने गेली, एवढाच फरक. ओमान तर आपल्याला मुळीच परके नव्हते. १९७० सालापर्यंत मस्कतच्या बाजारात आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत होता. त्या वेळचे सुलतान सईद बिन तैमूर हे आपल्या अजमेरच्या मेयो कॉलेजचे विद्यार्थी होते. पण ज्या राजाने स्वतः परदेशी जाऊन चांगले शिक्षण घेतले, त्याच्या देशात १९७० साली शाळा किती होत्या? तीन. सबंध देशात तीन, त्यांत विद्यार्थी सुमारे नऊशे, आणि ते सगळे मुलगे. मुलींसाठी सरकारी शाळा एकही नाही. पक्का डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. मस्कत शहराचे दरवाजे रात्री बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याने हातात कंदील धरावा असा नियम होता. ज्याला शिकायचे असेल त्याने कैरो, बगदाद, कुवेत किंवा बहरीन गाठावे. पुष्कळजण तर झांझिबारला आणि पूर्व आफ्रिकेला जाऊन तिकडचेच झाले होते.

त्या देशात पाऊस किती पडतो, तेही ऐका. मस्कतला वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास चार इंच. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथल्या वर्षाचे पाणी आपल्याकडे आषाढात एका रात्रीत पागोळ्यांतून वाहून जाते. असा तो मुलूख. एका बाजूला उघडे बोडके डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये दगडगोट्यांचे कोरडे पात्र, ज्याला ते वादी म्हणतात.

१९७० च्या जुलैमध्ये सुलतान काबूस गादीवर आले. तेल १९६७ पासूनच परदेशी जाऊ लागले होते, त्यामुळे पैसा यायला सुरुवात झाली होती. आता कोणाच्याही मनात येईल, की पैसा आला म्हणजे विद्यापीठ बांधायला काय उशीर? पण ते त्यांनी लगेच बांधले नाही. त्यांचे म्हणणे असे होते, की इमारतीची वाट पाहू नका, झाडाच्या सावलीत बसवावे लागले तरी चालेल, पण मुलांना शिकवा. आणि खरोखर तसेच झाले. तंबूत शाळा भरल्या, झाडाखाली भरल्या, भाड्याच्या घरांत भरल्या. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. शिक्षक इजिप्त, जॉर्डन, सुदान इथून आणले. मुलींच्या शाळाही त्याच सुरुवातीच्या काळात निघाल्या. मी १९७६ साली तिथे पोहोचलो, तेव्हा दुपारी दप्तरे घेऊन घरी निघालेली मुले-मुली रस्त्यावर दिसत. मला त्याचे काही विशेष वाटले नाही. आपल्याकडे शाळा असतेच, तशी तिथेही आहे, असे मला वाटले. सहा वर्षांपूर्वी तिथे त्यांतले काहीच नव्हते, हे पुष्कळ उशिराने कळले.

शिडी खालच्या पायरीपासून बांधली, म्हणून दहा वर्षांत वरच्या पायरीची गरज उभी राहिली. माध्यमिक शाळेतून मुले बाहेर पडू लागली. १९८० सालच्या नोव्हेंबरमध्ये, राष्ट्रीय दिनाच्या दहाव्या सोहळ्यात, सुलतानांनी विद्यापीठाची घोषणा केली. आमच्या कंपनीच्या मेसमध्ये त्या रात्री यावर बराच वाद झाला. एक केरळचा फोरमन म्हणाला, “एवढा खर्च कशाला? ज्या मुलांना शिकायचे त्यांना विलायतेला पाठवा, स्वस्तात पडेल.” मलाही ते पटले होते. पण आमच्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. विलायतेला पाठवायचे म्हटले की ज्यांचे घर शहरात आहे, ज्यांना इंग्रजी येते, तेच जाणार. डोंगरातल्या खेड्यातला मुलगा जाणार नाही. आणि मुलगी तर कोणाचीच फारशी जाणार नाही. विद्यापीठ घराजवळ आणले, तरच ते घरातल्या सर्वांचे होते.

मस्कतपासून पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, अल-खौद नावाच्या ठिकाणी १९८२ च्या सुमारास काम सुरू झाले. त्या बाजूला माल घेऊन जाणाऱ्या ट्रकांबरोबर मी पुष्कळदा गेलो. आजूबाजूला काही म्हणजे काही नव्हते. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावला तर चटका बसावा असे ऊन. त्या माळावर कमानी, लाकडी नक्षीच्या खिडक्या आणि सावलीचे लांबलचक रस्ते उभे राहिले. सगळ्या आवाराची मुख्य रेषा मक्केच्या दिशेला धरून आखलेली आहे. बांधणारे हात पुष्कळसे आपल्याच देशाचे होते, पाकिस्तानचे होते. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले, पाचशेच्या आसपास. तीन शाळांपासून विद्यापीठापर्यंत सोळा वर्षे. एक मूल जन्मून दहावीला बसते, तेवढा काळ.

आता या विद्यापीठाने शिकवायचे काय ठरवले, ते नीट पाहा. सुरुवातीला पाच महाविद्यालये काढली : शिक्षणशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी, शेती आणि विज्ञान. त्या देशाला काय हवे होते, याची ही यादीच आहे. परदेशातून आणलेले शिक्षक कायम राहणार नाहीत, म्हणून आपले शिक्षक. दवाखान्यात आपले डॉक्टर. पाणी आणि रस्ते सांभाळायला आपले इंजिनिअर. कला शाखा १९८७ साली आली, वाणिज्य १९९३ साली, कायदा आणि परिचारिकांचे शिक्षण त्याच्याही पुढे. आज तिथे नऊ महाविद्यालये आहेत. भूक कशाची आहे ते आधी पाहिले आणि मग चूल पेटवली.

शेतीचे उदाहरण देतो, कारण ते आपल्याला लगेच समजेल. वाळवंटात शेती होते ती पाण्याच्या शिस्तीवर. ओमानात फलज नावाची जुनी पद्धत आहे. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, तिथून जमिनीच्या पोटातून अगदी बेताच्या उताराचा बोगदा काढायचा आणि काही किलोमीटरवर गावात पाणी आपोआप वर आणायचे. पंप नाही, मोट नाही. साफसफाईसाठी मध्ये मध्ये विवरे ठेवायची. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून जी नहर आणली, ती याच विद्येची बहीण. ओमानात असे सुमारे तीन हजार फलज अजून वाहते आहेत. त्यांपैकी पाचांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पण सगळीकडे फलज नव्हते. समुद्रकाठच्या बातिना पट्टीत विहिरी होत्या आणि त्यांवर बैल जोडून, उतारावरून चालवून, कातडी पिशवीने पाणी काढत. म्हणजे आपली मोटच! १९७० नंतर तिथे इंजिने आणि पंप आले. बैल दमतो, थांबतो, तेवढ्यात विहिरीला पाणी भरते. पंप दमत नाही. गोडे पाणी उपसले गेले, त्याच्या जागी समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले. खजुरीची झाडे वाळू लागली, कित्येक शेते पडीक झाली. पैशाने पंप आणता येतो. पंप किती वेळ चालवावा, हे मात्र शिकावे लागते. त्या विद्यापीठात माती आणि पाण्याचे अभ्यासक याच प्रश्नाच्या मागे लागले : खाऱ्या पाण्यावर कोणते पीक तगेल, सांडपाणी शुद्ध करून झाडांना कसे द्यावे, भूजल पुन्हा कसे भरावे. विद्यापीठाच्या शेजारीच, वादी अल-खौदवर, १९८५ साली मातीचा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा बंधारा झाला. हा बंधारा पाणी साठवून ठेवण्यासाठी नाही. वादीला अचानक लोंढा येतो, तो अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळलेले पाणी हळूहळू सोडून जमिनीत जिरवायचे. पण तो गाळ साचला की पाणी जिरायचे थांबते. मग गाळ किती, कुठे, कसा काढावा, यावर त्या विद्यापीठातल्या लोकांनी वर्षानुवर्षे काम केले. यात चमत्कार कुठेच नाही. शेजारच्या ओढ्याचा गाळ मोजणे, हेही विद्यापीठाचे काम असते, हे मला तिथे समजले.

वैद्यकाचेही तसेच. विद्यापीठाचे रुग्णालय १९९० साली सुरू झाले आणि १९९३ साली तिथली पहिली डॉक्टर मंडळी पदवी घेऊन बाहेर पडली. १९७० साली त्या देशात हजार बालकांमागे दीडशेहून अधिक बालके पाच वर्षांची होण्याआधीच दगावत असत. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण दहा-बारापर्यंत खाली आले. याचे श्रेय एकट्या विद्यापीठाचे नाही. लसीकरण, रस्ते, स्वच्छ पाणी आणि आयांचे शिक्षण यांचे ते आहे. पण काही आजार असे असतात की ते त्या मातीतलेच असतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार तिथे पुष्कळ. जवळच्या नात्यात लग्ने होतात, त्यामुळे दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. १९९५ च्या पाहणीत शंभरातील सुमारे सहा मुलांमध्ये सिकलसेलचा अंश आढळला. बाहेरचा डॉक्टर दोन वर्षांच्या करारावर येतो, औषध देतो आणि जातो. त्या घरात बसून, त्यांच्याच भाषेत, “लग्नाआधी रक्त तपासून घ्या” असे आजीला पटवणारी मुलगी त्याच गावची लागते. नात्यातली लग्ने आपल्याकडेही होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता मुलींबद्दल. इथे बसलेल्या भगिनींनी नीट ऐकावे आणि भावांनी त्याहून नीट ऐकावे.

पहिल्या वर्षापासून त्या विद्यापीठात मुली होत्या. समाज जुन्या वळणाचा, पडद्याचा. मग त्यांनी काय केले? आवारात जाण्या-येण्याचे मार्ग दोन ठेवले, मुलींचा वरच्या मजल्यावरून, मुलांचा खालून. पण वर्ग एकच, शिक्षक एकच, प्रश्नपत्रिका एकच, पदवी एकच. दूरच्या गावांतल्या मुलींसाठी आवारातच वसतिगृहे बांधली. तुम्ही म्हणाल, असे दोन मार्ग ठेवावेत का? त्यावर मतभेद होऊ शकतो, आणि आपण त्याची नक्कल करावी असे मी सांगत नाही. मी एवढेच सांगतो, की वातावरण योग्य नाही असे म्हणून त्यांनी दार बंद केले नाही. बापाच्या मनात भीती आहे, तर ती कशी दूर होईल याचा विचार करून त्यांनी इमारतीचा नकाशा काढला. पुढे मुली अभ्यासात इतक्या पुढे गेल्या, की मुलगे आणि मुली यांची संख्या समतोल राहावी म्हणून काही शाखांत प्रवेशाला मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त गुण लागू लागले. हा मुलींवर अन्याय आहे, असे माझे मत आहे. पण ज्या देशात १९७० साली मुलींची सरकारी शाळाच नव्हती, तिथे वीस-पंचवीस वर्षांत ही अडचण निर्माण व्हावी, याचाही विचार करा.

दुसरी गोष्ट भाषेची. तिथल्या सरकारी शाळांचे माध्यम अरबी. विद्यापीठात वैद्यक, अभियांत्रिकी, विज्ञान हे विषय इंग्रजीतून. आपल्या उर्दू आणि मराठी शाळेतून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या मुलाला वर्गात शिरल्यावर जो घाम फुटतो, तोच त्या मुलांनाही फुटला. त्यावर त्यांनी पायाभूत अभ्यासक्रम ठेवला. इंग्रजी, गणित, संगणक यांची आधी तयारी, मग पदवीचा अभ्यास. कोणाला थोडा वेळ लागतो, कोणाला जास्त. त्यात लाज कोणी मानत नाही. “तुला इंग्रजी येत नाही, म्हणजे तुला डोके नाही,” असे त्या मुलाला कोणी ऐकवले नाही. आपल्याकडे किती हुशार मुले पहिल्या सहा महिन्यांत या एका कारणाने परत आली, हे इथले शिक्षक मला जास्त सांगू शकतील.

सगळे गोड गोड सांगितले तर तुम्ही म्हणाल, चाचांनी मस्कतचे मीठ खाल्ले आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. शिकलेल्या प्रत्येकाला सरकारी नोकरीच हवी, ही खोड त्यांनाही लागली. सरकारी जागा भरल्या, खाजगी कंपन्या स्वस्तातला परदेशी माणूस घेत राहिल्या, आणि पदवीधर घरी बसले. २०११ साली सोहार शहरात तरुण रस्त्यावर आले. मग सरकारला पन्नास हजार नोकऱ्यांची घोषणा करावी लागली. विद्यापीठ माणूस तयार करते, पण त्याच्यासाठी खुर्ची तयार करत नाही, हे त्यांनाही कळले. शिवाय १९८६ पासून पुढची कित्येक वर्षे ते एकच विद्यापीठ होते आणि जागा मर्यादित होत्या. २००१ नंतर खाजगी विद्यापीठे निघाली, २०२० साली तंत्रशिक्षणाचे दुसरे सरकारी विद्यापीठ झाले. सुलतान काबूस जानेवारी २०२० मध्ये वारले. ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, ते मात्र चालू आहे. त्याला आता एका माणसाची गरज उरलेली नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळे सांगितले.

तिथली मुले शिकली, त्याचा परिणाम कोणावर झाला? आपल्यावर. १९८८ च्या सुमारास त्यांनी धोरण ठरवले, की परदेशी माणसाच्या जागी हळूहळू आपला माणूस बसवायचा. जानेवारी २०१८ मध्ये सत्त्याऐंशी प्रकारच्या कामांसाठी परदेशी लोकांना नवे व्हिसा देणे त्यांनी थांबवले. त्यांत हिशेबाची कामे होती, मार्केटिंग होते, संगणकाची आणि इंजिनिअरची कामे होती. आपल्याकडे अनेक घरांत तेव्हा सुतकासारखे वाटले. लोक म्हणाले, बघा, ज्यांच्यासाठी आपण घाम गाळला ते कसे उलटले. मला तसे वाटले नाही. आपल्या देशातले काम आपल्या शिकलेल्या मुलांनी करावे, असे कोणत्या बापाला वाटणार नाही? ते आपल्यावर उलटले नाहीत. त्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी जे पेरले, ते उगवले. प्रश्न त्यांचा नाही. त्याच तीस-चाळीस वर्षांत आपण काय पेरले, हा प्रश्न आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझेच सांगतो.

आमच्या वेळी घरी पैसे ड्राफ्टने पाठवायचे आणि ख्यालीखुशाली कॅसेटमध्ये बोलून धाडायची. १९९३ साली माझी मोठी मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिने कॅसेटमध्ये सांगितले, “अब्बा, मला सायन्सला जायचे आहे. कॉलेज तालुक्याला आहे. रोज जाऊन-येऊन जमणार नाही. राहायची सोय करा.” तालुक्याला तेव्हा आपल्या मुलींसाठी वसतिगृह नव्हते. मी उलट कॅसेट पाठवली, की जमाना खराब आहे, लोक काय म्हणतील, शिवणकाम शीक. त्याच ड्राफ्टात मी घराच्या दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचे पैसे पाठवले.

ज्या आठवड्यात मी ती कॅसेट पाठवली, त्याच आठवड्यात, सुट्टीच्या आदल्या दिवशी, अल-खौदच्या रस्त्यावर आमचा ट्रक थांबला होता. वसतिगृहातल्या मुलींना आपापल्या गावी नेणाऱ्या बसगाड्या एकामागून एक समोरून गेल्या. त्यांत डोंगरातल्या खेड्यातल्या मुली होत्या. त्यांचे बापही माझ्यासारखेच असतील, कदाचित माझ्याहून कमी शिकलेले. कोणी मेंढपाळ असेल, कोणी मासेमार. त्यांनी मुली पाठवल्या होत्या. मी ट्रकमध्ये बसून त्या गाड्या मोजल्या, मोजण्याची सवयच होती. आणि तरीही कॅसेट परत मागवावी, दुसरी पाठवावी, असे मला सुचले नाही. हे मी आज प्रथमच चारचौघांत बोलतो आहे.

तो दुसरा मजला अजून आहे. त्यात कोणी राहत नाही. पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा त्याचे कुलूप काढतो आणि ओल पुसून घेतो. आपल्या गावांतून अशी किती कुलपे आहेत, ती तुम्हीच मोजा.

मुलगी माझ्यावर रागावली नाही. तिने आपल्या मुलीला शिकवले. ती नात आज या सभागृहात बसली आहे, संस्थेच्या बारावी विज्ञानच्या वर्गात आहे. परवा तिने मला विचारले, “नाना, तुम्ही जे विद्यापीठ बांधले, ते कसे आहे?” मी म्हटले, बेटा, मी बांधले नाही, मी फक्त गोण्या मोजल्या. ज्यांनी आपल्या मुली तिथे पाठवल्या, त्यांनी ते बांधले.

मंडळी, आपण काही राज्य चालवत नाही. आपल्याकडे तेलाच्या विहिरी नाहीत. विद्यापीठ काढा, असे मी म्हणणार नाही. पण त्या हकिगतीतून तीन गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत.

पहिली, वसतिगृह. शिष्यवृत्ती देणारे पुष्कळ मिळतात, समारंभात चेक देता येतो. पण मुलगी रात्री कुठे राहणार, तिच्याबरोबर कोण असणार, तिला घरी आणणारी गाडी किती वाजता निघणार, हे ठरत नाही तोवर तो चेक कागदच राहतो. वीस मुलींची सोय करा, जबाबदार बाई ठेवा. तालुक्यात मोकळी पडलेली घरे आपल्याच लोकांची आहेत.

दुसरी, दहावी-बारावीनंतरचा तयारीचा वर्ग. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी सुट्टीतले तीन महिने इंग्रजी, गणित आणि संगणक. शिकवायला आपलेच निवृत्त शिक्षक आणि कॉलेजात शिकणारी मोठी मुले-मुली आहेत. याला खर्च थोडा आणि चिकाटी पुष्कळ लागते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती मी फलजाच्या रीतीने सांगतो. फलजाचे पाणी वेळेवर वाटलेले असते. अमुक घराला अर्धा तास, तमुक घराला एक तास. दिवसा सावली पाहून आणि रात्री तारे पाहून ती वेळ मोजत. गावात पाणी शिरते ते आधी पिण्याच्या जागी, मग मशिदीकडे, मग शेतात. आणि काही पाळ्या कोणाच्याच नसतात. त्या वक्फ केलेल्या असतात. त्या पाळीचे पाणी लिलावात विकून फलजाची डागडुजी होते, मशिदीचा खर्च निघतो, मुलांना शिकवणाऱ्याचा पगार निघतो. कोणी एकदाच मोठी देणगी देऊन फलज चालत नाही. शेकडो वर्षे तो चालतो, कारण प्रत्येक घराच्या हिश्शातला थोडा वेळ सर्वांसाठी बाजूला काढलेला असतो. आपणही तसेच करावे. ज्या घरात कमावणारा आहे, मग तो दुबईत असो, मुंबईत असो की इथल्या बाजारात असो, त्या घराने महिन्यातली एका दिवसाची कमाई शिक्षणाच्या पाळीला द्यावी. मोठ्या रकमेची वाट पाहू नये. फलक लावू नये. हिशेब मात्र दरवर्षी या स्मरणिकेत छापावा, पै-पैचा. गोण्या मोजणाऱ्या माणसाचा हा एक आग्रह आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. आमच्या पिढीला आखाताने हात मागितले, आम्ही हात दिले. आता तिथेही आणि इथेही कोणी नुसते हात मागणार नाही. तिथे जायचे असेल तर जा, जग मोठे आहे. पण जाताना हातात अशी विद्या घेऊन जा, की करार संपला तरी ती तुमच्याबरोबर परत येईल. १९९० साली कुवेतहून आपली माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी परतली, तेव्हा ज्यांच्याजवळ हुन्नर होते ते दोन वर्षांत पुन्हा उभे राहिले. ज्यांच्याजवळ फक्त सामान होते, त्यांचे सामान तिकडेच राहिले.

वसतिगृहाच्या कामाला पहिला हातभार म्हणून माझ्या घराच्या दुसऱ्या मजल्याची किल्ली मी अध्यक्षसाहेबांच्या हाती देतो आहे. घर तालुक्याच्या गावापासून दोन मैलांवर आहे, सहा मुली आरामात राहतील. बत्तीस-तेहतीस वर्षे उशीर झाला आहे, त्याबद्दल माझ्या मुलीची माफी मी घरी मागेन. तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अशाच किल्ल्या आहेत, त्यांनी माझ्याइतका उशीर करू नये, एवढीच विनंती.